निळं बटण

आमच्या दुकानात पासवर्ड मोठ्याने सांगायची पद्धत होती. गिऱ्हाईक काउंटरवर फोन ठेवायचं, मी विचारायचो, "कुलूप काय हाय?" आणि ते चारचौघांत सांगून टाकायचं. एक-दोन-तीन-चार. पोरीच्या जन्माचं साल. मोटारसायकलचा नंबर. मी तो आकडा पांढऱ्या चिकटपट्टीवर लिहून पट्टी फोनच्या पाठीवर चिकटवायचो. फोन दुरुस्त होऊन गेला तरी पट्टी पाठीवरच राहायची. पुष्कळांनी ती मुद्दाम ठेवली, म्हणजे विसरायची भीती नाही. कुलपालाच किल्ली बांधलेली, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. मलाही नाही.

वर्ध्यात बस स्टँडच्या बाजूच्या गल्लीत माझं मोबाइलचं दुकान होतं. त्याआधी त्याच जागेत मी रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करायचो. आता तिथे चष्मे मिळतात. संपादकांनी धंद्यातले गमतीदार अनुभव लिहा म्हणून सांगितलं. गमती आहेत, एखादी सांगतोही. पण लिहायला बसलो की हात एकाच गोष्टीकडे जातो, आणि ती गमतीची नाही. तिची मला लाज वाटते. दिवाळीच्या अंकात लोक फराळाबरोबर काहीतरी गोड वाचायला बसतात हे मला कळतं, पण माझ्याकडे सांगण्यासारखं खरं एवढंच आहे.

बाहेरच्यांना या धंद्याची कल्पना नसते. फोन विकणं हे निम्मंच काम, खरं काम तो चालू करून देण्याचं. नवा फोन डब्यातून काढला की आधी तुमच्याकडे खातं मागतो, म्हणजे ई-मेलचा पत्ता आणि त्याचा पासवर्ड. ते दिल्याशिवाय त्यात व्हॉट्सॲप उतरत नाही. ऑफिसात काम करणाऱ्याकडे असं खातं असतं. पवनारच्या बाजूने भाजीचं टोपलं घेऊन आलेल्या माणसाकडे ते कुठून असणार? नवं उघडायचं तर नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, मग फोनवर एक आकडा येणार तो टाकायचा, आणि मधेच नेट गेलं की पुन्हा पहिल्यापासून. अर्धा तास कुठेच गेला नाही. इकडे गिऱ्हाईकाची नजर सारखी स्टँडकडे. "भाऊ, लवकर करा ना, गाडी लागून राह्यली."

मग मी एक सोय काढली. दुकानाच्या नावाने एक खातं उघडलं आणि येईल त्या फोनात तेच टाकायला लागलो. दोन मिनिटांत फोन तयार. एक खातं भरलं की दुसरं उघडायचं. दुकान एक, दुकान दोन, दुकान तीन, अशी त्यांची नावं मी ठेवली होती. पासवर्ड मला पाठ, त्यामुळे कोणाचाही फोन कुठे अडला तर मीच सोडवून देणार. गल्लीतले बाकीचे दुकानदार खातं उघडून द्यायचे वेगळे पैसे लावायचे. माझ्याकडे सगळं फुकट, म्हणून गर्दी माझ्याकडे. मला वाटायचं, मी या लोकांवर उपकार करतोय. तसं मी चहाच्या टपरीवर बोलूनही दाखवायचो.

एका खात्यात चाळीस फोन म्हणजे एका घरात चाळीस संसार आणि मधे एकही भिंत नाही. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पहिल्यांदा कळलं ते हसण्यावारी गेलं. तळेगावचे एक बैलांचे दलाल माझे जुने गिऱ्हाईक. ते एक दिवस तावातावाने आले आणि फोन माझ्यापुढे आपटला.

"भाऊ, माह्या फोनात हे चारशे लोकं कोठून आले? ‘आई’ नावाचेच अकरा नंबर हाय. माही आई तं एकच होती, तेबी वारली."

एका फोनात लिहिलेले नंबर खात्यामार्फत दुसऱ्यांच्या फोनात उतरले होते. मी ते काढून देतो म्हणालो, तर दलाल हळूच खुर्चीवर बसले आणि सांगायला लागले, की त्यांनी त्या अकरांतला एक नंबर सहज लावून पाहिला होता. पलीकडून एका म्हातारीने विचारलं, जेवला का बाबू? "मी म्हटलं, हो, जेवलो. आता काय सांगू तिले?" दुकानात सगळे हसले. शेवटी दलालांनी ते नंबर काढूच दिले नाहीत. चारशे शेतकऱ्यांचे नंबर त्यांना धंद्याला उपयोगीच होते.

त्या दिवशी मी नंबरांचं बटण सगळ्या नव्या फोनांत बंद ठेवायचं ठरवलं. फोटोंचं मात्र चालू ठेवलं. कारण तेच सांगून मी फोन विकायचो, की फोन धाम नदीत पडला तरी फोटो परत मिळतात. ते साठवलेले फोटो वेगळ्या ॲपमध्ये दिसतात, आणि ते ॲप आपली माणसं उघडत नाहीत, असा मी माझा समज करून घेतला होता. आणखी एक गोष्ट मी सगळ्यांना शिकवली होती. फोनवर इंग्रजीत काही आलं की लोक घाबरायचे, धावत दुकानात यायचे. मी त्यांना सांगून ठेवलं, काहीही विचारलं तरी निळं बटण दाबायचं. निळं म्हणजे हो. त्याने माझ्याकडच्या निम्म्या चकरा कमी झाल्या.

आता ज्या बाईंची ही गोष्ट आहे त्यांना वच्छलाताई म्हणू. नाव मी बदललं आहे, गावही. त्यांना विचारूनच लिहितोय. त्या म्हणाल्या, "लिहा, पन माही भाजीबी बदला. लोकं भाजीवरून वळखतात." तेव्हा वांगी समजा. दोन एकरांत वांगी आणि थोडा सांभार, म्हणजे आपली कोथिंबीर. नवरा शेत पाहायचा, विक्री ताईंची. सकाळी बसने टोपलं घेऊन वर्ध्याला यायच्या आणि बाजारात बसायच्या.

त्यांनी माझ्याकडून दुकानातला सगळ्यात स्वस्त फोन घेतला, पण शिकल्या अशा की महागड्या फोनवाल्यांना जमलं नसतं. सकाळी तोडलेल्या वांग्यांचा फोटो काढायचा आणि दोन खानावळींना आणि पोरींच्या एका होस्टेलला पाठवायचा. तिकडून किती किलो ते यायचं. महिन्याभरात अशी वेळ आली की त्यांचं टोपलं घरून निघतानाच विकलेलं असायचं. वाटेत दुकानासमोर थांबून मला सांगायच्या, "भाऊ, आज बसाचं कामच नाई पडलं." मला त्यांचा अभिमान वाटायचा. माझ्या दुकानाची पाटी त्यांच्या कपाळावर लावावी असं वाटायचं, इतका.

एकदा त्यांनी मला विचारलं होतं. मी एका फोनचा स्पीकर सोल्डरने डाग देऊन बसवत होतो. "भाऊ, ह्यात ठेवलेलं कोनी पाह्यत तं नाई ना?"

मी मान वर न करता म्हणालो, "तिजोरी हाय ताई, तिजोरी. तुमच्या बोटाबिगर उघडत नाई."

त्या बरं म्हणाल्या आणि गेल्या. त्या काय ठेवणार होत्या हे विचारायची मला गरज नव्हती, पण आपण काय बोलतोय याचा विचार करायची तरी होती.

काही महिन्यांनी दुकान दोन हे खातं तुडुंब भरलं. लोकांचे फोन कुरकुर करू लागले. दुपारी गिऱ्हाईक नसताना मी ते कॉम्प्युटरवर उघडलं आणि जागा मोकळी करायला बसलो. लग्नाच्या पंगती, बैल, धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची भांडणं, देवांचे सुप्रभात. मी भराभर सरकत होतो. मग वांगी आली, ताईंच्या टोपल्यातली, आणि मी ओळखून हसलो. त्यांच्या पाठोपाठ तपासणीचे कागद आले, त्यावर ताईंचं नाव. मला इंग्रजी कामापुरतं वाचता येतं, आणि तो आजाराचा शब्द कोणालाही वाचता येतो. त्यापुढे ताईंचे स्वतःचे फोटो होते. छातीचे. न्हाणीतल्या उजेडात, स्वतःच काढलेले, दर काही दिवसांनी एक, सगळे एकाच बाजूने. गाठ वाढते की काय ते बघायला काढले असणार. त्यांच्या घरात तोंडापुरता आरसा असेल, दुसरं काय.

मी पहिल्या फोटोवर थांबायला हवं होतं. तिसऱ्यापर्यंत गेलो. का गेलो, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. हे काय आहे ते समजेना म्हणून, असं उत्तर देतो. ते पुरतं खरं नाही.

मग लक्षात आलं. हे चाळीस फोनांत होतं. त्यातले दहा-बारा तरी त्याच पंचक्रोशीतले. मी दरवाजाकडे बघितलं आणि ताईंचं सगळं, कागद, फोटो, एकजात निवडून काढून टाकलं. काढलेले फोटो काही दिवस खात्यातल्या कचऱ्याच्या टोपलीत राहतात, तीही रिकामी केली. काम नीटनेटकं करायची मला सवय. हात धुतल्यासारखं वाटलं. त्या बाईची अब्रू वाचवली, असं मनात म्हणून मी चहा मागवला.

ताईंचा नंबर माझ्याकडे होता. एक फोन करायचा होता. पण म्हणणार काय? तुमचे तसले फोटो मी पाहिले, असं? जीभच उचलली नसती. आणि खरं कारण दुसरंच होतं. ही गोष्ट बाहेर गेली असती तर संध्याकाळपर्यंत अख्खा बाजार माझ्या दारात आला असता. नाव त्यांच्या अब्रूचं घेतलं, राखली मी माझी.

त्याच आठवड्यात ताई आल्या. दोन गिऱ्हाइकं होती, ती जाईपर्यंत बाजूला उभ्या राहिल्या.

"भाऊ, माह्ये फोटो गेले."

"कोनते?"

"होते काही. दवाखान्याचे कागद होते." त्यांनी आवाज खाली आणला. "इंग्रजीत कायतरी आलं. तुमी सांगतलं होतं तसं मी निळं बटन दाबलं. आन् सारे गेले."

मला लगेच कळलं. मी तिकडे काढले की फोन इकडे विचारतो, इथूनही काढू का? ताईंनी माझ्या सांगण्याप्रमाणे हो म्हटलं होतं.

"कागद असतीन ना घरी," मी म्हणालो.

"चुलीत टाकले. पोरीले पाहाले पावने येऊन राह्यले, भाऊ. मायले अशी बिमारी हाय म्हनून कानावर गेलं तं कोन करन सोयरीक? घरातला कागद कोनीबी वाचते. फोनले कुलूप हाय म्हनून त्यात ठेवले होते. ते घेऊन नागपूरले जाचं होतं."

मी फोन हातात घेतला. दहा मिनिटं इकडचं तिकडे दाबलं, कपाळाला आठ्या घातल्या, एकदा फोन बंद करून चालूही केला. सगळं नाटक. मग म्हणालो, "ताई, तुमचा हात चुकून लागला असन."

त्यांनी आपल्या अंगठ्याकडे बघितलं. सांभार खुडून हिरवा झालेला अंगठा. "मीच अडानी," त्या म्हणाल्या.

मी म्हणालो की तपासणीवाल्याकडे नक्कल मिळते, ती काढून घ्या. हो, पाह्यते, म्हणाल्या आणि गेल्या. मी मागे जाऊन तोंडावर पाणी मारलं.

पुढचे काही महिने मी एकेकाला दुकानात बोलावून त्याच्या नावाचं वेगळं खातं उघडून दिलं. नवा नियम आलाय, असं सांगून. वच्छलाताईंना तेवढं बोलावायचं धाडस झालं नाही. तेच अर्ध्या अर्ध्या तासाचं काम, जे पहिल्याच दिवशी करायचं होतं. लोक म्हणायचे, भाऊसारखा माणूस नाही, घरी फोन करून बोलावतो आणि फुकट करून देतो. एकाने मला कोहळं आणून दिलं. ते मी घरी नेलं नाही, शेजारच्या टपरीवाल्याला देऊन टाकलं.

वच्छलाताई बाजारात दिसेनाशा झाल्या. त्यांच्या जागी त्यांचे यजमान टोपलं घेऊन बसू लागले. त्यांच्याकडून कळलं, पोरीचं लग्न उरकल्यावर ताईंचं नागपूरला ऑपरेशन झालं. "नक्कल काढाले गेलीच नाई ते. म्हने, आता पोरीचं होऊ द्या, मंग माहं पाहू. डॉक्टर म्हने, आधी आनलं असतं तं थोडक्यात भागलं असतं." ते वांगी निवडत बोलत होते, मला काही ठाऊक असेल अशी त्यांना शंकाही नव्हती. कागद हातात असते तर ताई वेळेवर गेल्या असत्या, की लग्नासाठी तशाही थांबल्या असत्या, हे मला सांगता येत नाही. काही दिवशी मी म्हणतो, थांबल्याच असत्या. स्वतःची बाजू मांडायला मी बरा वकील आहे.

दुकान कायमचं बंद करायच्या थोडं आधी, एका दुपारी, त्या स्वतः आल्या. वाळल्या होत्या. पदराखाली केस पोरासारखे बारीक उगवलेले. त्यांनी फोन काउंटरवर ठेवला. पाठीवर माझ्या अक्षरातली पट्टी अजून तशीच होती, जरा मळलेली.

"हा घ्या, आन् मले साधा बटनाचा द्या."

"काऊन ताई?"

"माह्या हाती हे टिकत नाई. पोरगी होती तवर तिच्याजवळ देला होता. आता ते सासरी गेली."

"आन् खानावळवाले? होस्टेल?"

"ते कवाचे सुटले. मी हात नाई लावत ह्याले. एकदा घात झाला ना माह्या हातानं."

साध्या फोनचा डबा माझ्या मागच्या फळीवरच होता. तो काढून दिला असता तर गोष्ट कायमची मिटली असती. मी हात मागे नेलाही होता.

"ताई, ते फोटो तुमच्या हातानं नाई गेले," मी म्हणालो. "मी काढले."

मग सगळं सांगितलं. एकच खातं, चाळीस फोन, ती दुपार, ती टोपली, आणि नंतरचं माझं नाटक. सांगायला पाच मिनिटं लागली असतील. त्या काउंटरला टेकून उभ्या होत्या. बसा म्हणालो तर बसल्या नाहीत.

"म्हंजे ते निळं बटन..."

"बटनाचा दोष नव्हता. तुमचाबी नव्हता."

"तुमी पाह्यले?"

"हो."

पदर खांद्यावर नीटच होता. तरी त्यांनी तो पुन्हा ओढून घेतला. "अजून कोनं?"

"माहीत नाई, ताई," एवढंच म्हणालो. ते आजही तसंच आहे. कोणी पाहिलं असेल, कोणीही नसेल. रस्त्याने भेटणाऱ्या माणसाने आपल्याला बघितलंय की नाही, हे त्यांना कधीच कळणार नाही, आणि ते मी करून ठेवलंय.

त्या ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. म्हणाल्या, "दोन वर्सं झाली, मी रोज म्हनते, माह्याच हातानं मी माहा जीव धोक्यात घातला. रोज, भाऊ."

मी म्हणालो, बाजारात सांगा. पोलिसात चला, मी येतो बरोबर, लिहून देतो.

"आन् काय सांगू? कोनते फोटो, हेच पयले सांगा लागन ना."

बाहेर बसवाला पवनार पवनार ओरडत होता, ती त्यांचीच गाडी. त्यांनी तिकडे बघितलं नाही. काउंटरवरचा तोच जुना फोन त्यांनी माझ्याकडे सरकवला.

"हे सारं पुसा. आन् माह्या नावाचं खातं करून द्या. कितीबी वेळ लागू द्या."

अर्ध्या तासाहून जास्त लागला. मधे एकदा नेट गेलं, पुन्हा पहिल्यापासून केलं. प्रत्येक ठिकाणी काय लिहून आलंय ते त्या मला वाचायला लावत होत्या आणि मग त्याचा अर्थ विचारत होत्या. निळं बटण आलं की हात मागे घ्यायच्या. "हे काय इचारून राह्यलं?" मी सांगायचो. पटलं तर दाबायच्या. दोन ठिकाणी नाही म्हणाल्या, आणि फोन तरीही चालला. इतक्या वर्षांत माझ्या एकाही गिऱ्हाइकाने तसं नाही म्हटलं नव्हतं, कारण नाही म्हणता येतं हे मी कोणाला सांगितलंच नव्हतं.

शेवटी पासवर्डची जागा आली. माझा हात आपोआप चिकटपट्टीकडे गेला. पट्टी फाडली, पेन उघडलं आणि तोंडातून निघून गेलं, "कुलूप काय ठेवू?"

ताईंनी त्या पट्टीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तिकडं तोंड करा, भाऊ."

मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. फोनची जुनी कव्हरं टांगली होती, ती बघत राहिलो. मागे टिकटिक ऐकू येत होती, एकेक अक्षर, सावकाश. मधे एकदा त्यांनी सगळं पुसलं आणि पुन्हा सुरुवात केली. गल्लीतून एक ओळखीचा माणूस गेला आणि मालकच भिंतीकडे तोंड करून काय उभा आहे म्हणून क्षणभर थांबला. मी हललो नाही.

"झालं," त्या म्हणाल्या.

मी वळलो तेव्हा त्या फोनच्या पाठीवरची माझी जुनी पट्टी नखाने खरवडत होत्या. पट्टी निघाल्यावर मी ती टाकायला हात पुढे केला. त्यांनी माझ्या हातात दिली नाही. घडी करून आपल्या कमरेच्या पिशवीत ठेवली आणि पुढच्या गाडीसाठी स्टँडकडे गेल्या.